कंबर, टोंगळे (गुडघे) आणि सतरंजी: वावरात राबणाऱ्यांसाठी पिलाटेस

कंबरदुखीसाठी आलेल्या बाईला व्यायाम सांगितला की उत्तर ठरलेलं असतं. "दिवसभर वावरात मरमर करतो मॅडम, आमाले अजून कायचा व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय घरी जाऊन कोणी सतरंजी अंथरत नाही, म्हणून आधी तेच.

वावरातलं काम मेहनतीचं खरं, पण ती मेहनत एकाच दिशेची आहे. निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी, सगळं पुढे वाकून. तास-दोन तास वाकल्यावर पाठीचे स्नायू थकतात आणि भार मणक्यांमधल्या गाद्यांवर, अस्थिबंधांवर जातो. पाठ मागे नेणारी, नितंबांना खरं काम लावणारी, पोटाच्या आतल्या स्नायूंना जागं ठेवणारी हालचाल दिवसभरात जवळजवळ होतच नाही. त्यामुळे ज्या माणसाला पन्नास किलोचं पोतं उचलता येतं, त्यालाच पाठीवर झोपून कंबर न हलवता एक पाय उचलता येत नाही, हे मी नेहमी पाहते. ताकद असते, ताबा नसतो. पिलाटेस हा ताब्याचा व्यायाम आहे.

ही पद्धत जोसेफ पिलाटेस या जर्मन माणसाची. जन्म १८८३ चा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये नजरकैदेत होता, १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. त्याचे चटईवरचे मूळ व्यायाम ३४. ते धडधाकट माणसांसाठी होते. त्यातले बरेचसे दुखऱ्या कंबरेला जसेच्या तसे देऊ नयेत. फिजिओथेरपीत आपण वापरतो ते त्यांचे सोपे केलेले, तुकड्यातुकड्याने शिकवायचे प्रकार. स्प्रिंगवाली यंत्रं, चकाचक स्टुडिओ हे सगळं पुण्या-मुंबईचं. त्यावाचून काही अडत नाही. एक सतरंजी, एक दुपट्टा, एक वाटी आणि एक लाटणं पुरतं.

पिलाटेसने सगळं बरं होतं असं मात्र समजू नका. कंबरदुखीवरच्या १० चाचण्या आणि त्यांतले ५१० रुग्ण यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारांपेक्षा पिलाटेसने दुखणं आणि अडचण कमी होते, असं त्यात दिसलं. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं मात्र सिद्ध झालं नाही. म्हणून तुमचा योगासनांचा सराव चांगला चालला असेल तर तो मोडू नका. मी पिलाटेस शिकवते ते एवढ्याचसाठी की चूक झाली तर ती माणसाला घरच्या घरी, स्वतःची स्वतःला कळते. कशी, ते पुढे येईल.

सतरंजी अंथरण्याआधी

काही दुखणी व्यायामाची नसतात. यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर:

- लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणे, लघवी तुंबणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे. यात त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.
- पायातली शक्ती कमी होणे, चालताना पाऊल लोंबणे, पायातून चप्पल निसटणे.
- संध्याकाळी येणारा ताप, घटणारं वजन, रात्री झोपूही न देणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे आणि तो महिनोन्‌महिने कंबरदुखी म्हणून अंगावर काढला जातो.
- पडल्यावर सुरू झालेलं म्हाताऱ्या माणसाचं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, बरेच महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. घरात कोणाला असेल, स्वतःची तपासणी झाली नसेल आणि हाडं ठणकत असतील तर आधी रक्त तपासून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाने ठणका उठलेला असताना व्यायाम करायचा नाही. एरवी करताना पाणी भरपूर प्यायचं, उन्हात किंवा धाप लागेपर्यंत करायचं नाही. आणि अशा तरुण मुलाला जांघेत दुखत असेल, तो लंगडत असेल, तर ते कंबरेचं समजून पुढे दिलेले पूल-बिल व्यायाम सुरू करू नका. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खराब होतो. त्याचा फोटो (एक्स-रे) काढावाच लागतो.

"मणक्यात गॅप आला" असं सांगून घाबरवलेले लोकही खूप येतात. चाळिशीनंतर बहुतेकांच्या फोटोत काही ना काही दिसतं, अजिबात न दुखणाऱ्यांच्याही फोटोत दिसतं. वरच्या यादीतलं काही नसेल तर फोटोतल्या गॅपपेक्षा तुम्हाला काय जमतं आणि काय जमत नाही याला जास्त किंमत द्या.

जागा आणि वेळ

बाजेवर करू नका, ती मध्ये खचते आणि कंबरही तिच्यासोबत खचते. ओसरीवर किंवा आतल्या खोलीत जमिनीवर सतरंजी, त्यावर एक जाड गोधडी. साडीत करायला हरकत नाही, पण सलवार किंवा गाऊन बरा. दार लावून घ्यायचं असेल तर खुशाल लावा. सासरे समोर बसले असताना कोणती सून पाय वर करील?

उठल्या उठल्या मात्र नको. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: डोळे उघडले की कमरेत वाकून अंगण झाडायचं, सडा टाकायचा. खराट्याला लांब दांडा बांधा किंवा झाडणं तासभर मागे ढकला. एवढ्या एका बदलाने सकाळची जखडलेली कंबर सैल झाल्याचं सांगणाऱ्या बाया आहेत. व्यायामाला वावरात जाण्याआधीची किंवा संध्याकाळी आंघोळीनंतरची वेळ चांगली. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणीही हा उद्योग करू नये.

पहिला आठवडा: फक्त श्वास आणि कंबरेची जागा

लोकांना हा आठवडा फुकट गेल्यासारखा वाटतो. माझं मत उलट आहे. इथे घाई केली की पुढचं सगळं नुसतं हातपाय हलवणं होतं.

पाठीवर झोपा, गुडघे उभे, पावलं नितंबांएवढ्या अंतरावर. दुपट्टा छातीच्या खालच्या फासळ्यांभोवती गुंडाळा, टोकं समोर एकमेकांवरून नेऊन हातात धरा. नाकाने श्वास घ्या आणि फासळ्यांनी दुपट्टा दोन्ही बाजूंना ताणायचा प्रयत्न करा. खांदे कानांकडे जाऊ द्यायचे नाहीत. तोंडाने हळूहळू सोडा, दुपट्टा सैल पडेल. आठ-दहा वेळा पुरे. बीपीचा त्रास असेल तर एक नियम कायमचा लक्षात ठेवा: कोणत्याही व्यायामात श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा.

आता वाटी घ्या. सपाट बुडाची, अर्धी पाण्याने भरलेली. बेंबीच्या खाली ठेवा. कंबर जमिनीला चिकटवली की पाणी छातीकडे झुकेल; कमरेखाली पोकळी केली की पायांकडे. असं हळूहळू पुढे-मागे करत पाणी समतल होईल तिथे थांबा. कंबरेची हीच जागा प्रत्येक व्यायामात धरायची. पोट मोठं असेल आणि वाटी टिकत नसेल तर तळहात खुब्यांच्या पुढच्या हाडांवर आणि बोटांची टोकं जांघेच्या मधल्या हाडावर ठेवून होणारा त्रिकोण सपाट करा.

मग पोटाचा आतला स्नायू. खुब्याच्या पुढच्या हाडापासून दोन बोटं आत आणि किंचित खाली बोटं रुतवा. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट अगदी थोडं आत घ्या, पातळाची गाठ सैल पडल्यावर ती आवळताना घेतो तेवढंच. बोटांखाली घट्टपणा यायला हवा, फुगवटा नको. जोर शंभरातला तीस. तो धरून ठेवत शेजारच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं म्हणजे तुम्ही फार जोर लावताय.

हा आडवा स्नायू पोटाभोवती पट्ट्यासारखा असतो. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याआधीच हा स्नायू आवळतो, आणि कंबरदुखीच्या माणसात तो उशीर करतो. बाजारातला कंबरेचा पट्टा ही सवय लावून देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) सरसकट वापरू नयेत असंही म्हटलं आहे. तरी आमच्या तालुक्याच्या गावात पट्टा पहिल्या भेटीत मिळतो आणि व्यायाम शेवटच्या.

दुसऱ्या आठवड्यापासून

टाच सरकवणं. तीच स्थिती, पोटावर वाटी. श्वास सोडत एक टाच जमिनीवरून पुढे सरकवत पाय सरळ करा, घेत परत आणा. वाटी हलू द्यायची नाही. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा.

हे जमलं की पाय उचलणं. श्वास सोडत एक पाऊल जमिनीवरून उचला, गुडघा कंबरेच्या वर येईपर्यंत, मग खाली. एका काकूंनी डावा पाय झकास उचलला. उजवा उचलताच वाटी कलंडून पाणी पातळावर. "अय माय, हे कावून सांडलं?" पुन्हा भरली, पुन्हा सांडलं. उजवा पाय उचलताना कंबर डावीकडे कलत होती आणि दुखणंही तिथेच होतं. त्यांना मी मणक्याचं चित्र दाखवून अर्धा तास बोलले असते तरी जे कळलं नसतं ते त्या पाण्याने दाखवलं. अशा वेळी पाय कमी उचला. पाऊल फक्त बोटभर वर आलं तरी चालेल, पाणी सांडता कामा नये.

पूल. गुडघे उभे, टाचा नितंबांपासून वीतभर दूर. श्वास सोडत टाचांनी जमीन दाबा आणि नितंब उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ. पाच मोजा, खाली या. आठ ते दहा वेळा. मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा थोड्या जवळ घ्या. कमरेत टोचलं तर तुम्ही छाती फार वर नेताय. वेचणीच्या हंगामात एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. दिवसभर वाकून राहणाऱ्या माणसाचे नितंबांचे स्नायू जवळजवळ बेरोजगार असतात, आणि त्यांचं काम कंबर करत बसते.

कुशीवर पडून गुडघा उघडणं. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा, गुडघे वाकलेले, टाचा एकत्र. टाचा न सोडता वरचा गुडघा उघडा, मिटा. भिंतीने पाठीवर दाब दिला म्हणजे कंबर मागे लवंडतेय. तेवढं कमी उघडा. दहा-बारा झाले की नितंबाच्या बाजूला जळजळलं पाहिजे.

हातापायांवर उभं राहणं. गुडघ्यांखाली घडी घातलेली गोधडी, कमरेवर आडवं लाटणं. श्वास सोडत एक पाय मागे सरळ करा, जमिनीलगतच. जमलं की विरुद्ध हातही पुढे न्या. लाटणं गडगडलं की कळतं. टोंगळ्यांवर भार सोसत नसेल तर हा व्यायाम उभ्याने, भिंतीला हात टेकून करा.

पोटावर झोपून छाती उचलणं. हात मांड्यांशेजारी, कपाळाखाली घडीचा टॉवेल. श्वास घेत खांद्याची पाती मागे-खाली ओढा आणि छाती चार बोटं उचला. नजर जमिनीवरच. सहा ते आठ वेळा. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला ही उलट दिशा मिळते. पण उभं राहिल्यावर, चालल्यावर ज्यांच्या पायात कळ जाते आणि खाली बसून पुढे वाकलं की बरं वाटतं, विशेषतः साठीपुढच्यांनी, हा सोडावा. त्यांच्या मणक्यातली नस जाण्याची वाट अरुंद झालेली असू शकते.

सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. आधी एक फेरी, जमलं की दोन. दोन फेऱ्या सहज होऊ लागल्या की संख्या वाढवत बसण्यापेक्षा वेग आणखी कमी करा. फरक पडायला काही आठवडे लागतात, ताकद यायला दोन-तीन महिने.

दुखलं तर?

शून्य ते दहाच्या मापात व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. सकाळी कालपेक्षा जास्त दुखत असेल तर निम्मं करा, सोडू नका. साईटिकावाल्यांनी, म्हणजे नस दबून कंबरेतून पायात कळ जाणाऱ्यांनी, दुखण्याची जागा बघावी. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली नितंबात सरकली तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पावलाकडे जाऊ लागली तर तो व्यायाम बंद.

पाठीवरून उठून बसत पायांना हात लावणं, दोन्ही पाय डोक्यामागे नेणं, गोल होऊन लोळणं हे पिलाटेसचे प्रसिद्ध प्रकार मोबाईलवर दिसतील. गादी सरकलेल्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायांना वेगवेगळे व्यायाम दिले होते. पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांमध्ये मणके नव्याने दबले. पाठ मागे नेणाऱ्यांमध्ये १६ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या, पाठीत पोक येत चाललेल्या आजीला वाकायचा व्यायाम मी त्यामुळेच देत नाही.

अंग बाहेर येण्याचा त्रास असणाऱ्या बाया ते कोणाला सांगत नाहीत. तुम्हाला असेल तर पोट आवळताना खाली जोर येतोय का बघा. येत असेल तर तो व्यायाम थांबवा, आणि आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगून तपासून घ्या. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून पाठीवर फार वेळ झोपून करायचं नाही. कुशीवरचे आणि हातापायांवरचे प्रकार डॉक्टरांना विचारून चालतात.

टोंगळ्यांसाठी

पूल आणि कुशीवरचा व्यायाम तोच. त्यात एक जोडा: खाटेच्या किंवा खुर्चीच्या काठावर बसून हात न टेकता उठणं आणि तीन मोजत हळू बसणं. बसताना गुडघे आत एकमेकांकडे पडू द्यायचे नाहीत. उंच जागेवरून सुरुवात करा, दोन उशा ठेवून. मग एकेक उशी काढा. सूज आणि गरमपणा असेल त्या दिवशी सुट्टी.

वावरात काय करायचं

सतरंजीवर शिकलेलं वावरात नेलं नाही तर ते तिथेच राहतं. वाकताना कंबर गोल न करता खुब्यातून वाका, गुडघे थोडे सैल. हे शिकायला घरात पाठीला उभी काठी लावा: डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं राहून वाकता आलं पाहिजे.

कापूस वेचताना ओटी काठोकाठ भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करा. तास संपला की उभ्या उभ्या दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुका. दहा सेकंदांचं काम आहे, मुकादमही काही बोलत नाही. निंदताना सलग उकिडवं बसू नका, एक गुडघा जमिनीवर टेकवा आणि थोड्या वेळाने बदला.

फवारणीचा १६ लिटरचा पंप म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, वर पंपाचं वजन वेगळं. तो जमिनीवरून हिसका मारून एका खांद्यावर टाकतात, तिथेच उसण भरते. बांधावर किंवा बैलबंडीच्या काठावर ठेवून, पाठ लावून, दोन्ही पट्टे घालून, श्वास सोडत उठा. पट्टे आखूड करा, पंप पाठीला चिकटलेला हवा. कंबर दुखत असेल त्या दिवशी अर्धाच भरा, फेऱ्या वाढल्या तरी चालेल.

वेचणी-सोंगणीच्या दिवसांत पूर्ण व्यायाम होणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा पूल, टाच सरकवणं आणि छाती उचलणं एवढेच तीन करा, पाच-सात मिनिटांत होतात. हंगाम संपला की उरलेले परत सुरू करा. दुखणं दाबायच्या गोळ्या रोज खाऊन वेचणी ओढू नका. उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. सेवाग्राम, सावंगी, नागपूरच्या मेडिकल कॉलेजांमध्येही सोय आहे. जाताना फोटो आणि रिपोर्ट न्याच, पण सोबत दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कोणता पाय उचलताना पाणी सांडतं, आणि कोणत्या कामानंतर किती वेळाने दुखणं सुरू होतं.